बंद केलास काय?

रात्रीचे सव्वादहा. पुण्यात आमच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये मोबाईल वाजतो. स्क्रीनवर नाव, 'अण्णा - मलकापूर'.

"जेवलास काय?"

"जेवलो."

"सूनबाई, पोरगं?"

"सगळे जेवले."

"पाऊस हाय काय तिकडं?"

"नाही."

"हितं लई हाय." मग एक पॉज. हा पॉज मला आता पाठ झालाय. त्यानंतर तो प्रश्न येतोच. "कॉम्प्युटर बंद केलास काय?"

"हो अण्णा. केला."

खोटं! साफ खोटं! टेबलावर लॅपटॉपचं झाकण तेवढं मिटलेलं असतं. आत सत्तावीस टॅब उघडे, एक अर्धवट एक्सेल शीट, परवापासून 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेला एक लेख आणि कुठलंसं अपडेट 'रीस्टार्ट करा ना प्लीज' म्हणून आठवडाभर ताटकळत बसलेलं. कडेला एक पांढरा ठिपका मंद मंद लुकलुकत असतो. 'मी झोपलोय, मेलो नाही' हे सांगायला.

तुम्ही काय करता हो रात्री? रीतसर 'शट डाऊन' करता की झाकण मिटून मोकळे होता? आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी एकदा हा विषय काढला, तर सरळ दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, 'रोज बंद-चालू केल्यानं मशीन खराब होतं, बॉस!' दुसरीचं म्हणणं, 'रात्रभर चालू ठेवलं तर तापून खराब होतं.' थोडक्यात काय, काहीही केलं तरी मशीन खराब होणारच, यावर दोन्ही पार्ट्यांचं एकमत!

माझ्यासाठी मात्र हा प्रश्न कँटीनमधल्या टाइमपासचा नाही. का, ते सांगतो.

अण्णा हायस्कूलमध्ये शिक्षक. २००४ मध्ये रिटायर झाले आणि हातात आलेल्या पैशांतून त्यांनी दिवाळीत कॉम्प्युटर घ्यायचा ठरवला. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, घरात मशीन पाहिजे! कोल्हापुरातून असेंबल्ड पीसी घेतला आणि वडापच्या ट्रॅक्समधून मलकापूरला आणला. सीपीयू अण्णांच्या पायापाशी आणि पंधरा इंची मॉनिटर माझ्या मांडीवर. हल्लीच्या पोरांना कल्पना येणार नाही, पण तेव्हाचा मॉनिटर म्हणजे गव्हाचं छोटं पोतंच. बांबवडं येईपर्यंत माझे पाय बधिर झाले होते!

घरी आल्यावर आईनं औक्षण केलं. जुन्या साडीची झालर लावून त्याला कव्हर शिवलं. आणि अण्णांनी नियम केला, रात्री साडेनऊला कॉम्प्युटर बंद. नुसता बंद नाही, विधिवत बंद. आधी 'टर्न ऑफ कॉम्प्युटर'. मग मॉनिटरचं बटण. मग यूपीएस. मग भिंतीवरचा स्विच. मग प्लग काढायचा. मग मोडेमला लावलेली टेलिफोनची वायर काढायची. आणि सगळ्यात शेवटी झालरीचं कव्हर! देव्हाऱ्यातले देव निजवावेत तसा सगळा कार्यक्रम.

"अण्णा, एवढं कशाला? बटण दाबलं की झालं!"

"दिवसभर तापलंय ते. निजू दे की त्याला जरा."

आता यातली गंमत बघा. आपण बंद करायची गरजच काय होती? आमच्याकडे ते काम एमएसईबी करत होती! जून २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, महावितरण आलं, पण आमच्या गावात आजही लाईट जाते ती 'एमएसईबीची'च. ती वर्षं आठवा. लोडशेडिंगचं टाइमटेबल भिंतीवर कॅलेंडरशेजारी टांगलेलं असायचं आणि लाईट त्या टाइमटेबलाबाहेरही जायची. यूपीएस 'पीं... पीं...' करायला लागला की घरातलं कोणी ना कोणी ओरडायचं, "सेव्ह कर! सेव्ह कर!" आमच्या आईला कॉम्प्युटरमधला हा एकच शब्द येत होता, पण तो सगळ्यात कामाचा होता.

मशीन माझ्यासाठी आणलेलं असलं, तरी खरं वापरलं अण्णांनी. माझी आज्जी, म्हणजे अण्णांची आई, तेव्हा होती. जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. घरातलं जातं कधीच परड्यात जाऊन पडलं होतं, पण ओव्या शिल्लक होत्या. दुपारच्या चहानंतर ती खाटेवर बसून सांगायची आणि अण्णा लिहून घ्यायचे. सुरुवातीला वहीत. मग शिवाजी फाँट टाकून दिला, तेव्हा थेट कॉम्प्युटरवर. एका बोटानं! एक ओवी टाइप व्हायला दहा मिनिटं. आज्जी म्हणायची, "माझं दळण संपंल, तुझी ओवी संपायची न्हाई." फाइलचं नाव 'आई'. २००६ च्या शेवटी तिच्यात १८३ ओव्या होत्या. त्यातल्या नव्वदेक वहीतही होत्या. बाकीच्या फक्त मशीनमध्ये.

जानेवारी २००७ मध्ये आज्जी गेली.

त्याच वर्षी मे महिन्यात मी सुट्टीवर घरी आलो. पुण्यात नोकरी लागून वर्ष झालं होतं. ऑफिसमध्ये मजल्यावरचे शेकडो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू बघायची सवय झालेली. त्यामुळे अण्णांचे ते विधी मला एकदम 'गावाकडचे' वाटायला लागले होते. मला एक सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं होतं. पन्नास एमबी. आज तुम्ही हसाल, पण डायल-अपवर तीन तासांचं काम होतं ते. आणि मध्ये कोणाचा फोन आला की बोंब! म्हणून रात्री अकराला लावलं.

अण्णा दारात. "बंद करायचं नाही काय?"

"अण्णा, रात्रभर चालू राहिला तर काही होत नाही. आमच्याकडे महिनोन्‌महिने चालू असतात."

ते जरा थांबले. "बरं," म्हणाले आणि झोपायला गेले.

मलकापूर म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतलं गाव. रत्नागिरी रस्त्यानं पुढं गेलं की आंबा घाट, एका बाजूला विशाळगड. इथला जून-जुलैचा पाऊस दिवसचे दिवस पडतो, पण तो तसा गरीब. खरा दांडगा असतो तो मे महिन्यातला वळीव. त्या रात्री दीडच्या सुमाराला तो आला. मी गाढ झोपलो होतो. एकदम कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि पांढरं लख्ख उजेडलं. वीज जवळच कुठं तरी पडली होती. घरात जळक्या प्लॅस्टिकचा वास. कॉम्प्युटरपाशी गेलो तर मोडेमच्या जागी काळा डाग.

मोडेम गेला, मदरबोर्ड गेला, पॉवर सप्लाय गेला आणि हार्ड डिस्कचं सर्किटही जळालं. कोल्हापुरातल्या रिपेअरवाल्यानं डिस्क उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "आत काही महत्त्वाचं होतं काय?" डेटा काढून देणारे लोक मोठ्या शहरात होते. त्यांनी फोनवर पंचवीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला, तोही 'मिळेलच असं नाही' या बोलीवर. माझा महिन्याचा पगार तेव्हा अठरा हजार. मी म्हटलं, कर्ज काढतो. अण्णा म्हणाले, "राहू दे."

बस. एवढंच. 'तुला सांगितलं होतं' असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. मी पुण्याला परतलो आणि त्या रात्री सव्वादहाला पहिल्यांदा फोन आला. "जेवलास काय? ...कॉम्प्युटर बंद केलास काय?"

तेव्हापासून मी या प्रश्नाचा पिच्छाच पुरवलाय. रात्री कॉम्प्युटर बंद करावा की नाही, यावर इतकं वाचलं, इतक्या हार्डवेअरवाल्यांना पिडलं, की बायको म्हणते, यात पीएचडी कर आता. तर दोस्तहो, त्या पीएचडीचा सारांश ऐका.

पहिली समजूत, 'बंद-चालू करून मशीन लवकर मरतं.' जुन्या काळी याला थोडा आधार होता. तापणं आणि गार होणं यामुळे जोड सैल व्हायचे, हार्ड डिस्क सुरू होताना तिच्यावर ताण यायचा. पण डेस्कटॉपच्या त्या जुन्या डिस्कनासुद्धा कंपन्या साधारण ५० हजार वेळा चालू-बंद होण्याची क्षमता सांगायच्या. रोज एकदा बंद करा, हिशेब १३५ वर्षांच्या पुढं जातो! तेवढ्यात आपलीच हार्ड डिस्क बंद पडेल. आणि आता तर बहुतेक मशीनमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काहीच नाही.

दुसरी समजूत, 'सुरू होताना एवढी वीज खातो की बंद करून काही वाचतच नाही.' हीसुद्धा बाद. सुरू होतानाची दोन मिनिटं मशीन जास्त वीज घेतं हे खरं. पण ती जादा वीज म्हणजे तो नुसता चालू राहिला असता तर चार-पाच मिनिटांत खाल्ली असती तेवढीच. रात्र आठ तासांची असते!

मग वाचतात किती? चला, आकडेमोड करू. साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट नुसता चालू पडून राहिला तर साधारण ७० वॉट धरा. आठ तासांचा झाला अर्धा युनिट आणि वर थोडा. महिन्याला सतराएक युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १७० रुपये, वर्षाला दोन हजार. पार्टीचा नाही, पण एका बऱ्या जेवणाचा खर्च निघाला! लॅपटॉप 'स्लीप'मध्ये असेल तर मात्र तो एक-दोन वॉटच घेतो. महिन्याचं बिल तीन-चार रुपये. त्या पैशात आता चहासुद्धा मिळत नाही, कटिंगसुद्धा नाही. तेव्हा लॅपटॉपवाल्यांनी विजेच्या नावानं स्वतःची फार पाठ थोपटून घेऊ नये.

अर्थात 'माझ्या एकट्याच्या बटणानं काय होतंय' असंही म्हणू नका. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? लॉकडाऊनमध्ये पंतप्रधानांनी रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायला सांगितले होते. त्या थोड्याशा वेळात देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनी खाली आली. आपल्या कोयनेची सगळी मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. म्हणजे पंधरा कोयनांच्या वर! फक्त घरातल्या दिव्यांची बटणं. ग्रीड सांभाळणाऱ्या लोकांना त्यासाठी आधीपासून तयारी करावी लागली, जलविद्युत केंद्रं झरझर खालीवर करावी लागली.

तिसरा मुद्दा, मशीनचं डोकं. दिवसेंदिवस चालू ठेवलं की प्रोग्रॅम मेमरी अडवून बसतात आणि मशीन सुस्तावतं. यातला सगळ्यात भारी किस्सा विंडोज ९५ आणि ९८ चा. त्यांच्यात एक मोजणी मिलिसेकंदांत चालायची आणि ४,२९,४९,६७,२९६ च्या पुढं ती जाऊच शकायची नाही. तो आकडा भरतो बरोबर ४९ दिवस आणि १७ तासांनी. तेवढा वेळ सलग चालू ठेवलेला कॉम्प्युटर गपकन अडकायचा. पण ही भानगड १९९९ पर्यंत कुणाच्या ध्यानातच आली नव्हती! कारण सरळ आहे. विंडोज इतके दिवस न अडकता चालणंच मुश्किल होतं. आणि आमच्या मलकापुरात तर हा दोष सापडणं जन्मात शक्य नव्हतं. सलग ४९ दिवस लाईट आहे कुणाकडं?

आता एक ट्विस्ट. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक मशीनवर 'शट डाऊन' म्हणजे पूर्ण शट डाऊन नसतंच. उद्या झटकन सुरू व्हावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. खरं पाटी कोरी करणारं बटण आहे 'रीस्टार्ट'. त्यामुळे मशीन अडखळायला लागलं की आधी रीस्टार्ट मारा. आणि आठवड्यातून एकदा तरी माराच. ते बिचारं अपडेट वाट बघतंय.

आणि पावसाळ्यात 'वापरतच नाही' म्हणून चार महिने कव्हरखाली झाकून ठेवाल तर तेही वाईट. आमच्याकडच्या दमट हवेत भिंतींना बुरशी येते, तिथं सर्किटची काय कथा. रोज तासभर चालू करा. जरा ऊब मिळू दे.

आता मुख्य मुद्दा. तो कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या मे महिन्यातल्या रात्री मी अण्णांचं ऐकून नुसतं 'शट डाऊन' केलं असतं, तर ओव्या वाचल्या असत्या?

बहुतेक नाही.

धक्का बसला ना? मलाही बसला होता. वीज पडते तेव्हा मशीन चालू आहे की बंद हे ती विचारत नाही. प्लग भिंतीत असेल, टेलिफोनची वायर मोडेमला असेल, तर रस्ता खुलाच आहे. बटण बंद असलं तरी आतले पार्ट तारेला जोडलेलेच असतात. स्पाइक बस्टर छोटे-मोठे झटके अडवतो, पण जवळ पडलेल्या विजेपुढं त्याचं काही चालत नाही. वाचवलं असतं ते अण्णांच्या विधीतल्या शेवटच्या दोन पायऱ्यांनी. प्लग काढणं आणि फोनची वायर काढणं. ज्या दोन पायऱ्यांना मी सगळ्यात जास्त हसायचो, त्याच!

आता फायबर आलंय. काचेच्या त्या तारेतून वीज येत नाही, हे खरं. पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो ना? आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तांब्याची केबल असते. तेव्हा ढग गडगडले की दोन्ही काढा. मशीन चालू असेल तर आधी नीट बंद करा आणि मग काढा, कारण डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज तोडली तर फाइलचा चुराडा होतो. आणि हे सगळं गडगडाट लांब असताना. ढग डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायचा नाही.

थोडक्यात, आपण ज्याला 'बंद' म्हणतो ते चार प्रकारचं असतं. झाकण मिटणं, शट डाऊन करणं, प्लग काढणं आणि चौथा प्रकार मी शिकलो तो लॉकडाऊनमध्ये.

मार्च २०२० मध्ये आम्ही तिघंही मलकापूरला जाऊन राहिलो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर माझं ऑफिस सुरू. क्लायंट अमेरिकेत. त्यांची सकाळ उजाडायची तेव्हा आमच्याकडे रातकिडे सुरू झालेले असायचे. नावापुढचा तो हिरवा ठिपका गेला तर उगाच कुणाला वाटायला नको, म्हणून मी जेवताना, पोराला गोष्ट सांगताना, अगदी झोपतानाही लॅपटॉप उशाशी चालूच ठेवायचो.

एका रात्री साडेअकराला अण्णा दारात.

"अजून चालूच?"

"अमेरिकेत दिवस आहे अण्णा."

"त्यांच्यात दिवस हाय. तुझ्यात रात्र हाय की!"

मी हसलो. पण पोरगं झोपलं नव्हतं. ते अंथरुणातनं म्हणालं, "आजोबा, बाबांचा कॉम्प्युटर बंदच होत नाही."

त्या रात्री मी शट डाऊन केलं. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बंद करताना काळ्या स्क्रीनवर केशरी अक्षरं यायची, 'आता तुम्ही खुशाल बंद करू शकता' अशा अर्थाची. का कोण जाणे, त्याची आठवण झाली. झाकण मिटलं की काम नुसतं थांबतं. शट डाऊन केलं की ते संपतं. सकाळी पुन्हा सुरू करताना दोन मिनिटं जातात, जाऊ देत! आपल्यासारख्या लोकांना शट डाऊनची गरज असते ती मशीनसाठी कमी आणि दिवस संपला हे स्वतःला सांगण्यासाठी जास्त.

आम्ही दोघं सोप्यात येऊन बसलो. बाहेर पाऊस. तेरा वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारून टाकलं. "अण्णा, तुम्ही रोज फोनवर बंद केलास काय म्हणून का विचारता? माझ्यावर राग आहे ना त्या रात्रीचा?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्यावर कशाला राग? त्या रात्री मी एकला जागा झालो होतो. लांब गडगडत होतं. उठलोसुद्धा. प्लगपर्यंत गेलो. मग म्हटलं, पोराचं काम चाललंय, मध्येच बंद केलं तर बिघडंल. म्हणून तसाच परत जाऊन पडलो." थोडं थांबून म्हणाले, "हात लावला असता तर झालं असतं. अर्धा तास होता हातात."

तेरा वर्षं मला वाटत होतं, हा माणूस रोज रात्री माझी चूक मला आठवून देतोय. आणि तो रोज रात्री फोनवरून त्या प्लगपर्यंत जाऊन येत होता.

दुसऱ्या दिवशी वही काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण ओव्या शाबूत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचा कॉम्प्युटरवर डेटाबेस उभा केला, शेकडो गाणी बायकांच्या आवाजात रेकॉर्ड झाली. २०१७ पासून 'पारी'वर त्या सगळ्यांना ऐकायला मिळतात. मी त्यातल्या काही अण्णांना लावून दाखवल्या. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "ही चाल आईची न्हाई. पण जातं तेच हाय."

मग कामाला लागलो. या वेळी युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट हरवला तर अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसायची भानगड नको. वहीतल्या ९० झाल्या. मग अण्णांना आत्यांची आठवण झाली. आत्या ऐंशीच्या घरातल्या, बांबवड्याकडच्या एका गावात. त्यांना फोन लावला. आधी म्हणाल्या, "मला काय येतंय? सगळं इसरलं." आणि मग सुरू झाल्या त्या फोनची बॅटरी संपेपर्यंत! गेलेल्या ९३ पैकी ४१ परत आल्या. उरलेल्या ५२ काही आल्या नाहीत. त्या आता येणारही नाहीत.

फाइलचं नाव पुन्हा 'आई'. कॉपी तीन. एक अण्णांच्या मशीनमध्ये, एक माझ्याकडे पुण्याला आणि एक पेन ड्राइव्हवर. तो आईनं तिच्या मसाल्याच्या डब्याशेजारच्या स्टीलच्या डबीत ठेवलाय, लवंगांबरोबर. "वास लागंल," असं अण्णा म्हणाले, तर आई म्हणते, "वाळवी तरी न्हाई लागायची!" बंद करण्याचा चौथा प्रकार म्हणजे हाच. उद्या मशीन उघडलंच नाही तरी आपलं काही जाणार नाही, एवढी व्यवस्था करून झोपणं.

तर माझा फायनल निकाल असा. डेस्कटॉप असेल तर रात्री बंद करा, पैसे वाचतात. लॅपटॉप असेल तर रोज झाकण मिटलं तरी मशीनचं काही बिघडत नाही, पण दिवसाचं बिघडतं. तेव्हा कामाचा लॅपटॉप बंद करा. आठवड्याला एक रीस्टार्ट. वळवाच्या दिवसांत प्लग आणि केबल बाहेर. आणि कुठलीही जपायची गोष्ट एकाच मशीनमध्ये ठेवून झोपू नका, मग ते चालू असो की बंद.

अण्णांचा फोन अजूनही येतो. परवाही आला. सव्वादहाला.

"जेवलास काय?"

"जेवलो."

"पाऊस?"

"सुरू होतोय आत्ताच."

पॉज.

"अण्णा, बंद केलाय. प्लगसुद्धा काढलाय."

"ते असू दे," अण्णा म्हणाले. "आज आत्याचा फोन आलता. आणखी एक आठवली म्हणं तिला. घे लिहून."

मी प्लग परत लावला.